ढोले मॅडमचा बारावा पगार

मार्च लागला, की आमच्या स्टाफरूममध्ये ढोले मॅडम प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायच्या. "यंदा कुठी जाऊन राहिले?" टेबलावर तपासायच्या पेपरांचे गठ्ठे पडलेले असत, बाहेर अमरावतीचं ऊन चढायला लागलेलं असे आणि सुट्टीचा विचार कुणाच्या डोक्यात शिरलेलाही नसे. बहुतेक जण म्हणत, "बघू मॅडम, अजून काही ठरलं नाही." त्यावर त्या चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "ठरत नसते बापा. ठरवा लागते."

आमची शाळा मुलींची. सुनंदा ढोले तिथे गणित शिकवायच्या. मी नोकरीला लागले तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या असतील. उंच, सावळ्या, चालताना एक खांदा किंचित पुढे. सुती साडी आणि तिच्याखाली कॅनव्हासचे बूट. नवे मुख्याध्यापक आले तेव्हा त्यांनी एकदा हसत हसत विषय काढला होता. "मॅडम, साडीवर बूट?" मॅडम म्हणाल्या, "साडी शाळेसाठी हाये सर, बूट गुडघ्यासाठी." पुढे तो विषय निघाला नाही. वर्गात त्या अगदी पुस्तकातली मराठी बोलत. घंटा झाली, की ती मराठी दारातच ठेवून बाहेर येत आणि व्हरांड्यातूनच त्यांचं "काहून वं पोट्टे हो, पळून काहून राहिल्या?" सुरू होई.

मी अकोल्याची. लग्न होऊन अमरावतीला आले आणि वर्षभरात या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. पहिला पगार झाला त्या दिवशी मधल्या सुट्टीत मॅडम आपला डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या. तोवर आमचं फारसं बोलणं झालेलं नव्हतं.

"पगार झाला ना? मंग यातून फिराले किती ठेवते?"

मला वाटलं, थट्टा चालली आहे. घरी स्कूटरचा हप्ता होता, सासूबाईंची औषधं होती. मी म्हटलं, "उरलं तर जाऊ कुठेतरी."

"उरलं तर?" त्यांनी हातातला घास डब्यात परत ठेवला. "उरलेलं गाईले टाकतेत, माधवी. आपल्या वाटचं आधी काढून ठेवा लागते."

मग त्यांनी मला त्यांचा नियम सांगितला. शाळेत तो सगळ्यांना ठाऊक होता, मलाच नवा होता. वर्षाचे बारा पगार. त्यातले अकरा घराचे: किराणा, शिक्षण, आजारपण, लग्नकार्यं, म्हातारपण, सगळं त्या अकरांत बसवायचं. बारावा पायांचा. एप्रिलचा पगार जमा झाला, की त्या तो दुसऱ्या बँकेतल्या वेगळ्या खात्यात टाकत आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात त्या पैशांत, नवरा आणि मुलगा यांना घेऊन, पाहिलं नसेल अशा एका ठिकाणी जात. नातेवाइकांकडे जाणं सहलीत धरत नसत. देवदर्शनही धरत नसत, "देवाचा खर्च देवघरातून" म्हणत. हे पहिल्या पगारापासून चाललेलं होतं. शाळेतल्या मुली पाठीमागे त्यांना 'एक छेद बारा' म्हणत, आणि मॅडमना ते माहीत होतं.

हा नियम आला कुठून, असं मी त्यांना पुढे एकदा विचारलं. पेपर तपासायला आम्ही दोघीच थांबलो होतो.

त्यांची आई चांदूर रेल्वेची. लग्न होऊन अमरावतीला आली. वडील कोर्टात कारकून. पाच भावंडं. तीस वर्षांत आई माहेरी गेली, चार लग्नांना गेली, बाकी कुठे नाही. मॅडमना नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून आईला साडी घ्यायला त्या निघाल्या, तर आई म्हणाली, साड्या आहेत. मग काय पाहिजे, असं विचारलं तर तिला सांगता येईना. शेवटी मॅडमनीच तिला एसटीत बसवलं आणि चिखलदऱ्याला नेलं. लांब कुठे न्यायचं तर रजा नव्हती, म्हणून चिखलदरा.

"दरीच्या काठाशी उभी केली तिले," मॅडम म्हणाल्या. "लय वेळ बोललीच नाई. मले वाटलं चक्कर आली का काय. मंग म्हणाली, 'सुनंदा, हे इतकं जवळ होतं?'"

मी म्हटलं, "किती आनंद झाला असेल त्यांना."

"आनंद नोता थो. राग होता. सकाळच्या गाडीनं निघालं तर जेवाच्या टायमाले पोचते माणूस. तीस वर्षं तिले कोणी नेलं नाई, आणि जवळ हाये हे सांगतलंही नाई." त्यांनी पुढचा पेपर ओढला आणि त्यावर लाल रेघा मारायला सुरुवात केली. आई त्यानंतर तीनच वर्षं होती. तेवढ्यात मॅडमनी तिला आणखी दोन ठिकाणी नेलं. त्यातल्या एका ठिकाणी समुद्र होता एवढंच मला कळलं.

त्यांच्या फिरण्याच्या काही तऱ्हा होत्या. प्रत्येक माणसाला एकच पिशवी, आणि ती ज्याची त्यानं उचलायची. भास्कररावांचीही. भास्करराव म्हणजे त्यांचे यजमान. भातकुलीला त्यांची वडिलोपार्जित काळी जमीन होती. अमरावतीहून रोज मोटरसायकलनं शेतावर जात. कमी बोलणारा, दोन वाक्यांच्या मध्ये सुपारी कातरून होईल इतका वेळ घेणारा माणूस. ते मॅडमना 'मास्तरीणबाई' म्हणत. सहलीचा विषय निघाला, की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "मास्तरीणबाई नेतीन तिथं." पण जायच्या आदल्या दिवशी पिशवी त्यांचीच आधी भरलेली असे, असं मॅडम सांगत.

दुसरी तऱ्हा म्हणजे सहलीला काढलेला पैसा परत आणायचा नाही. त्यांचा मुलगा निखिल एकदा शाळेत आला होता, त्यानं ही गोष्ट सांगितली. मदुराईला शेवटच्या दिवशी यांच्याकडे बरेच पैसे उरले. गाडी रात्रीची होती. भास्करराव म्हणाले, वाचले तर वाचले, घरी नेऊ. मॅडम म्हणाल्या, "वाचवाले आलो होतो का आपण? वाचवाले घर हाये." आणि दोघांना एका खानावळीत नेऊन, पाटीवर तमिळमध्ये लिहिलेला, कुणालाच वाचता न येणारा प्रत्येक पदार्थ त्यांनी एकेक मागवला. निम्मे पदार्थ त्यांना माहीतच असलेले निघाले. एकाच भाताचे चार प्रकार झाले. पोट धरून हसत ते स्टेशनवर आले आणि उरलेल्या नोटा मॅडमनी हमालाला दिल्या, जरी सामान आपापलंच उचललं होतं.

पण नियम वरच्या बाजूनंही तितकाच पक्का होता. एका वर्षी आमच्या शाळेतले सहा-सात जण हप्त्यांवर परदेशात जाऊन आले. कंपनीचा माणूस स्टाफरूममध्येच येऊन फॉर्म भरून घेत होता. आधी जा, पैसे नंतर, दोन वर्षांत फेडा. मॅडम फिरणाऱ्या म्हणून तो सगळ्यांत आधी त्यांच्याकडे गेला. त्यांनी त्याची सगळी माहितीपत्रकं वाचली, फोटो बघितले, चहा पाजला आणि फॉर्म परत दिला.

"मॅडम, तुमच्यासारख्यांनी नाही म्हणायचं?"

"भाऊ, उधारीवर समुद्र पायला ना, तर लाटेगणिक हप्ता दिसते," त्या म्हणाल्या. "माह्या पायापुरती चादर हाये. थे मी दरसाल पुरी ताणतो, पण फाडत नाई."

आम्हाला त्या जरा हेकट वाटायच्या, हेही सांगायला हवं. मार्चमध्ये त्यांचा तो प्रश्न आला, की काही जण टेबल सोडून उठून जात. ज्यांची परिस्थिती खरंच ओढगस्तीची होती त्यांना तो टोचायचा. एकदा तो टोचल्याचं त्यांना स्वतःलाच कळलं, ती गोष्ट सांगते.

आठवीच्या वर्गात अपूर्णांकांची उजळणी चालली होती. मी शेजारच्या वर्गात होते आणि मधली भिंत पातळ. मॅडमनी नेहमीप्रमाणे आपलंच उदाहरण घेतलं होतं. वर्षाचे बारा पगार, एक सहलीला, तर राहिलेला भाग किती? रेणुका नावाची मुलगी उभी राहिली. तिचे वडील धान्यबाजारात हमाल होते.

"मॅडम, आमच्या बाबांले पगार नाई भेटत. रोजी भेटते. गेलं त्या दिवशी भेटते. मंग आमचं बारावं कसं काढाचं?"

पोरगी उद्धटपणे विचारत नव्हती. गणित अडलं तसं विचारत होती. मला वाटलं, मॅडम काहीतरी हजरजबाबी बोलतील. पण आवाज आला तो वर्गात कधी न वापरलेल्या बोलीतला. "बेटा, मले याचं उत्तर येत नाई. विचार करून सांगीन."

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. पुढच्या आठवड्यात वर्गात जाऊन त्यांनी रेणुकाला सांगितलं, की पैशातलं बारावं निघत नसेल तर दिवसांतलं काढून पाहू. बारा रविवारांतला एक. पालकांची परवानगी घेऊन त्या वर्गातल्या यायला तयार असलेल्या मुलींना पहाटे छत्री तलावाकडे पायी घेऊन गेल्या. प्रत्येकीनं घरून भाकरी आणायची, बाकी खर्च नाही. मीही दोनदा गेले. मुली तलावाकाठी बसून खायच्या, पक्षी मोजायच्या, भांडायच्या. दुसऱ्या खेपेला रेणुकाचे वडील आले होते. बाजार बंद होता म्हणून आले. त्यांनी चपला काढून काठाशी नीट जोडून ठेवल्या आणि पाण्यात पाय सोडून दोन तास बसून राहिले. जाताना मॅडमना म्हणाले, "बरं वाटलं बाई."

परत येताना मी मॅडमचं कौतुक करायला लागले तर त्यांनी मला तोडलं. "अर्धंच उत्तर दिलं मी त्या पोरीले. बाजार बंद होता म्हून थो आला. चालू असता तर त्या दिवसाची रोजी बुडाली असती. थे गणित मले सुटत नाई, तर उगा सुटलं म्हणू नोको."

पण त्या रविवारच्या सहली त्यांनी निवृत्तीपर्यंत सोडल्या नाहीत. आणि मार्चमधला तो प्रश्न स्टाफरूममध्ये मोठ्यानं विचारणं मात्र सोडलं. नंतर नंतर तो त्या फक्त माझ्यासारख्यांना, ज्यांना तो टोचत नसे त्यांनाच, विचारायच्या.

प्लॉटचं प्रकरण यानंतरचं. भास्कररावांचे धाकटे भाऊ दिनकरराव जमिनींचे व्यवहार बघायचे. बडनेऱ्याच्या वाटेवर एक प्लॉट स्वस्तात निघाला होता. एप्रिलअखेर आगाऊ बयाणा द्यायचा होता आणि हाताशी असलेली रक्कम एकच, मॅडमच्या त्या वेगळ्या खात्यातली. गंगटोकची तिकिटं काढून झाली होती. दिनकरराव म्हणाले, वहिनी, डोंगर कुठं पळून जात नाही, प्लॉट जाते. भास्कररावांनी आयुष्यात पहिल्यांदा स्पष्ट मत दिलं: प्लॉट घेऊ.

मॅडम अडल्या. एक वर्ष मोडलं की दर वर्षी मोडेल, दर वर्षी काहीतरी निघेलच, असं त्यांचं म्हणणं. दोघं आठ दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी भास्करराव म्हणाले, "जा तुमी. मी नाई येत." आणि मॅडम खरंच गेल्या, निखिलला घेऊन. भास्कररावांचं तिकीट वाया गेलं.

दहा दिवसांनी त्या परतल्या, तर घराला कुलूप. शेजारी चावी. भास्करराव कुठे, कुणाला माहीत नाही, शेतावरही नाहीत. मॅडम सांगायच्या, "म्हटलं, एवढ्या रागावर गेला का हा माणूस?" दुसऱ्या दिवशी दुपारी मोटरसायकल दाराशी लागली. भास्करराव उन्हानं काळे पडलेले. हातपाय धुतले, पाटावर बसले आणि ताटाकडे बघत म्हणाले, "घर खाऊन राहिलं होतं. बाळापूरले गेलो होतो, जुन्या दोस्ताकडे. किल्ला पायला." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "बरा हाये किल्ला. दोन नद्या भेटतेत तिथं."

मॅडमना हसू आवरेना आणि रडूही. तीन दिवस त्यांनी त्या किल्ल्याबद्दल इतके प्रश्न विचारले, की भास्करराव म्हणाले, पुढच्या वेळी तुमीच जाऊन पाहा.

प्लॉट अर्थातच गेला. पाच-सहा वर्षांत त्याची किंमत तिप्पट झाली आणि दर दिवाळीला फराळाच्या ताटावर दिनकरराव ती सांगायचे. मॅडमनी कधी ते हसण्यावारी नेलं नाही. मला म्हणाल्या, "चुकलंच माझं. प्लॉट घ्याले पायजे होता. माह्या बांगड्या होत्या, भावाकडे मागता आले असते. दोन्ही जमलं असतं. पण कोण जिंकते यातच मी अटकून बसली." इतकं सरळ 'चुकलं' म्हणणारी माणसं मी थोडी पाहिली आहेत. निखिल पुण्यात भाड्याच्या घरात राहायचा, त्याचं भाडं पाहिलं की त्यांना तो प्लॉट आठवायचा, हेही त्यांनीच सांगितलं.

निवृत्तीला अडीच वर्षं राहिली होती तेव्हा, दिवाळीनंतर, भास्कररावांना शेतातच अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मॅडम महिनाभर शाळेत आल्या नाहीत. आल्या तेव्हा बूट तेच होते, पण चालण्यातला तो पुढे काढलेला खांदा खाली उतरला होता. त्या वर्षी वेगळं खातं दवाखान्यात रिकामं झालं. मे महिन्यात त्या कुठेच गेल्या नाहीत. आम्ही कुणी विचारलंही नाही.

वर्षभरात भास्करराव काठी घेऊन दहा-बारा पावलं चालायला लागले. चार-सहा शब्द परत आले. 'पाणी', 'नको', 'निखिल', आणि एक विचित्र लांबण लावून 'मास्तरीण'. पुढचा फेब्रुवारी आला. दिनकरराव घरी येऊन सांगून गेले, की वहिनी, आता तरी हे फिरणं पुरे, पैसा औषधाला ठेवा. या वेळी त्यांचं बोलणं चुकीचं म्हणता येत नव्हतं. मॅडमनी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सावकाश, विश्रांती घेत घेत, सोबत माणूस असेल तर हरकत नाही.

मग एका संध्याकाळी त्या फोन घेऊन भास्कररावांशेजारी बसल्या. जवळच्या, सोयीच्या जागांचे फोटो एकेक दाखवायला लागल्या. ते मान हलवत. नाही. नाही. हेही नाही. मॅडमना वाटलं, जायचंच नसेल. फोन खाली ठेवला. तेव्हा भास्कररावांनी डाव्या हातानं मॅडमचं मनगट धरलं आणि बराच वेळ तोंड हलवून एकेक अक्षर बाहेर काढलं. "गं... ग... टोक."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मॅडम मला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेल्या. तेरा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच सल्ला मागितला.

"माधवी, बाराव्यात बसत नाई हे. खुर्ची लागते, वातानुकूलित डबा लागते, कलकत्त्याले दोन दिवस मुक्काम लागते, वर जाले गाडी वेगळी. दुप्पट होऊन राहिलं. नियम मोडू का?"

मी म्हटलं, "मॅडम, मागच्या वर्षी तुम्ही कुठे गेलातच नाही. तो पगार दवाखान्यातच गेला ना?"

गणिताची पायरी सापडल्यावर मुलींच्या चेहऱ्यावर येतं तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं. "दवाखाना घरखर्च हाये," त्या म्हणाल्या. "थो अकरांतून व्हाले पायजे होता. म्हणजे घरानं माहा बारावा उसना नेला." मग हसल्या, आणि हसता हसताच पदर डोळ्याला लावला. "नाई वं. हे मी मले समजावून राहिली. मोडतोच मी नियम. त्यांच्यासाठी मोडला नाई तर केला कशाले होता?"

बांगड्या मोडल्या. निखिलनं पुण्याहून रजा काढली. जाताना स्टेशनवर आम्ही तिघी-चौघी गेलो होतो. भास्कररावांच्या मांडीवर त्यांची पिशवी होती. ती उचलायला निखिल पुढे झाला तर त्यांनी डाव्या हातानं ती छातीशी ओढली. मॅडम म्हणाल्या, "राहू दे. ज्याची त्यानं."

पाच दिवस ते गंगटोकला होते आणि पाचही दिवस ढग. हिमशिखर एकदाही दिसलं नाही. हॉटेलवाला रोज सकाळी येऊन दिलगिरी व्यक्त करायचा, जणू त्यानंच ते लपवलं होतं. चौथ्या दिवशी तर मॅडमचा धीर सुटला. इतकं करून आणलं, बांगड्या गेल्या, आणि या माणसाला दाखवायला डोंगरच नाही. त्या न्हाणीघरात जाऊन रडून आल्या. बाहेर आल्या तर खिडकी सताड उघडी, निखिलच्या मदतीनं भास्करराव तिच्यापाशी खुर्ची ओढून बसलेले आणि खोलीत ढग शिरलेला. पलंग दिसत नव्हता. भास्कररावांनी डावा हात पुढे केला होता आणि बोटं उघडत-मिटत होती.

परत आल्यावर दिनकरराव भेटायला आले. मीही त्या वेळी तिथे होते. ते म्हणाले, "दादा, एवढं लांब गेले, एवढा पैसा लागला, आणि डोंगर दिसलाच नाई म्हणतेत?"

मॅडमनी चहाचे कप आणून ठेवले. भास्कररावांनी तोंड उघडलं. आम्ही वाट पाहत होतो. इतका वेळ गेला, की दिनकरराव कपाकडे वळले.

"ढग," भास्करराव म्हणाले. "घरात... आले."

पन्नास वर्षं भातकुलीच्या बांधावर उभं राहून, मान वर करून, पावसाचा ढग येतो का जातो हे ज्यांनी पाहिलं, त्या माणसाला या दोन-तीन शब्दांपेक्षा जास्त सांगायचं नव्हतं. दिनकरराव शेतकऱ्याचंच पोर. जाताना पहिल्यांदाच त्यांनी प्लॉटची किंमत सांगितली नाही.

पुढच्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांनी त्यांच्या सहलींवर विनोद केले. त्यांना बोलायला सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आता पेन्शनचा बारावा. थो लहान हाये, तर गाव लहान पाहू." मग मुलींकडे वळून, एकदम पुस्तकी मराठीत, परीक्षेला प्रश्न सोडवताना एकक लिहायला विसरू नका, असं सांगून खाली बसल्या.

आमच्या घरीही तोवर एक वेगळं खातं झालं होतं. बारावा नव्हे, आम्हाला तेवढं जमत नाही, विसावा वगैरे असेल. पण आधी काढून ठेवलेलं. त्यात आम्ही मुलीला घेऊन चार ठिकाणं पाहिली. कुठे जायचं यावरून दर वर्षी भांडतो, किती यावरून भांडत नाही.

नंतर माझी बदली संस्थेच्या अकोल्याच्या शाळेत झाली आणि मॅडमची भेट तुटली. फोन व्हायचे. गेल्या हिवाळ्यात त्या निखिलकडे पुण्याला राहायला जाणार असं कळलं होतं. भेटून यावं असं मनात होतं, पण राहून गेलं. जानेवारीत एका लग्नाहून परत येताना मी बडनेऱ्याच्या फलाटावर अकोल्याच्या गाडीची वाट पाहत उभी होते. समोरच्या रुळावर पुण्याच्या उलट दिशेला जाणारी एक पॅसेंजर येऊन थांबली. साधा डबा, गर्दी नव्हती. खिडकीत भास्करराव होते, कानाला मफलर गुंडाळलेला, आणि पलीकडे मॅडम. मांडीवर रुमाल पसरून त्या संत्रं सोलत होत्या. एक फोड त्यांच्या तोंडात, एक आपल्या. बाहेर मालगाडीच्या डब्यांखेरीज काही नव्हतं आणि दोघंही ते डबे बघत होते.

मी ओरडले, "मॅडम! कुठे निघालात?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग मी दिसले. संत्र्याचा हात वर झाला. तेवढ्यात गाडीनं हिसका दिला. भास्कररावांनी डावा हात उचलला, मॅडम त्यांच्या अंगावरून वाकून खिडकीशी आल्या आणि हातांचा कर्णा करून काहीतरी ओरडल्या. मला ऐकू आलं नाही. मी कानाशी हात नेला. गाडी सुटली होती, वाऱ्यानं त्यांचे पांढरे केस तोंडावर आले होते.

"खिडकी लागून नाई राहिली या डब्याची!" त्या ओरडल्या. "बरंच झालं!"